घोडी भरवण्यापासून पाठीवर मांड टाकेपर्यंत

दत्तजयंतीला सारंगखेड्याला तापीकाठी घोड्यांचा बाजार भरतो, किंवा नांदेडकडे माळेगावला खंडोबाच्या यात्रेत. तिथे लोक काय विचारतात ते ऐकावं. उंची किती इंच? कानांची टोकं जुळतात का? पंचकल्याणी, म्हणजे चारही पाय आणि कपाळ पांढरं, आहे का? शुभ मानलेला देवमनाचा भोवरा कुठे? नाचतं का? घोडीची पाठ, खूर, स्वभाव यांबद्दल विचारणारा विरळा. दारात बांधून मिरवायचं असेल तर हरकत नाही. पण स्वतःच्या घोडीचं शिंगरू वाढवून त्यावरच बसायचं असेल, तर प्रश्नांचा क्रमच बदलावा लागतो.

आम्ही मारवाडी आणि काठेवाडी घोड्या ठेवतो, त्यामुळे इथले आकडे साधारण ३८० किलो वजनाच्या घोडीचे आहेत. भीमथडी तट्टू ही आपल्या मातीतली जात. भीमेच्या खोऱ्यातली, आजही धनगरांच्या वाड्याबरोबर सामान वाहत फिरणारी. आता ती करनालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोकडे स्वतंत्र जात म्हणून नोंदली गेली आहे. भीमथडी ठेवणाऱ्यांनी खुराकाची मापं वजनाप्रमाणे कमी धरावीत, बाकी सगळं तेच.

आधी हिशोब. घोडी भरवण्यात, म्हणजे नराकडून गाभण करून घेण्यात, एक हंगाम जातो, पोटात अकरा महिने, आणि शिंगरू जमिनीवर आल्यापासून पाठीवर माणूस घ्यायला किमान तीन वर्षं. आज घोडी आणली तर घरच्या घोड्यावर बसायला साडेचार-पाच वर्षं लागतात. एवढा दम नसेल तर शिकवलेलं घोडं विकत घ्यावं. त्यात कमीपणा काही नाही, आणि स्वस्तही पडतं.

घोडी निवडताना पहिल्यांदा तोंड उघडायचं. समोरचे मधले दोन दुधाचे दात अडीच वर्षांच्या सुमारास पडून कायमचे येतात, त्यांच्या शेजारचे साडेतीनला, कोपऱ्यातले साडेचारला. पाच वर्षांत तोंड भरतं. वरच्या कोपऱ्यातल्या दातावर साधारण दहाव्या वर्षी हिरडीपाशी एक उभी खाच दिसू लागते. ती पंधराव्या वर्षी अर्ध्यापर्यंत उतरते आणि विसाव्याला पूर्ण. ही मापं अंदाजाची, आणि कानशीने घासलेले दातही बाजारात पाहायला मिळतात. चार ते बारा वर्षांची, आधी एकदा तरी व्यायलेली घोडी घ्यावी. दोन-तीन वर्षं रिकामी राहिलेली नावाजलेली घोडी स्वस्तात मिळत असेल, तर गर्भाशयाची तपासणी आणि स्वॅबचा अहवाल आल्याशिवाय पैसे मोजू नयेत.

मग शेपूट बाजूला करून निरण, म्हणजे योनीचं तोंड, पाहायचं. लोक इथे लाजतात आणि नेमके इथेच फसतात. निरणाचे ओठ सरळ उभे आणि घट्ट मिटलेले हवेत. गुदद्वार आत ओढलेलं आणि निरण वरून तिरपं झोपलेलं असेल, तर चालताना आत हवा शिरते. तिच्याबरोबर शेणाची घाण जाते आणि गर्भाशयाला सूज धरते. अशी घोडी फळत नाही, किंवा फळून टाकते. वरचा भाग टाके घालून बंद करता येतो, पण मग व्यायच्या दोन-चार आठवडे आधी ते टाके आठवणीने उघडावे लागतात. विसरलं तर फाटतं.

पाय पाहायचे ते कडक जमिनीवर, दुडक्या चालीत. उभ्या घोडीचं किंवा पायी चालणाऱ्या घोडीचं लंगडणं लपतं, दुडकीत ते लपत नाही. पुढचा पाय दुखत असेल तर तो टेकताना डोकं वर जातं आणि चांगला टेकताना खाली येतं. बाजारात घोडी फारच शांत वाटली तर दुसऱ्या दिवशी पहाटे, दाणा घालण्याआधी पुन्हा जावं. गुंगीचं इंजेक्शन रात्रीत उतरतं. नुकरा, म्हणजे पांढऱ्या रंगाचा मोह असेल तर गुलाबी कातडीचं ऊन सांभाळायची तयारी ठेवावी. नाकपुड्या आणि डोळ्यांभोवतीची कातडी उन्हाळ्यात भाजते.

घोडी घरी आणण्याआधी ग्लँडर्सची रक्ततपासणी हवीच. हा आजार माणसालाही होतो, त्यावर लस नाही आणि बाधित घोड्याला कायद्याने मारावं लागतं. २००६ साली पुणे-पाचगणी भागातल्या घोड्यांत तो पुन्हा दिसला होता. नमुने हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राच्या पद्धतीने तपासले जातात, तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून ते पाठवता येतात. तपासणीचा कागद असला तरी नवी घोडी तीन आठवडे वेगळी बांधावी. बादली वेगळी, खरारा वेगळा.

भरवण्याचा महिना विण्याच्या महिन्यावरून ठरवावा. घोडीचे दिवस सरासरी ३४० भरतात, ३२० ते ३६५पर्यंत काहीही स्वाभाविक आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये भरवलेली घोडी जानेवारी-फेब्रुवारीत व्यायते. जमीन कोरडी, माश्या कमी, ऊन सोसण्याजोगं. ऑगस्टमध्ये भरवली तर शिंगरू चिखलात आणि गोमाश्यांत पडतं, आणि गोमाशीबरोबर सर्रा हा रक्तातल्या परजीवीचा आजार येतो. थंडीत दिवस लहान असल्याने काही घोड्या नियमित माजावर येत नाहीत. त्यांच्यासाठी डिसेंबरच्या सुरुवातीपासून तबेल्यात संध्याकाळी दिवा लावून उजेडाचे तास सोळापर्यंत न्यावेत. दोनेक महिन्यांत गाडी रुळावर येते.

माजाचं चक्र २१ दिवसांचं, त्यातले पाच-सात दिवस घोडी नर घेते. घोडीचं बीज सुटतं ते माज संपण्याच्या एक-दोन दिवस आधी. गाईला माज दिसला की बारा तासांत भरवायची सवय असलेला माणूस इथे पहिल्याच दिवशी घोडी नेतो, एकदा लावून परत आणतो आणि ती उलटली, म्हणजे न फळता पुन्हा माजावर आली, की नराला दोष देतो. घोडीला कुंपणाच्या पलीकडून रोज नर दाखवावा. शेपूट वर, मागचे पाय फाकवून थोडं थोडं मूत, निरणाची उघडझाप आणि नराकडे पाठ करून उभं राहणं, ही खूण. तिसऱ्या दिवसापासून एक दिवसाआड लावत राहायचं, ती नाकारेपर्यंत. सोनोग्राफीची सोय असेल तर अंडाशयावरचं फॉलिकल, म्हणजे बीजाची पाणीदार पिशवी, ३५ मिलिमीटरच्या पुढे गेल्यावर लावावं. फेऱ्याही वाचतात आणि नरही.

लावताना शेपटीला पट्टी बांधायची, निरण साध्या पाण्याने धुऊन पुसायचं, साबण लावायचा नाही. साबणाचा अंश नराचं बीज मारतो. घोडीच्या मागच्या पायांना पायबंद हवा, पण ओढला की सुटेल अशा गाठीचा. घोडीची मोहरकी (तोंडाभोवतीचा दोर) धरणारा माणूस आणि नराचा माणूस एकाच बाजूला उभे राहावेत, म्हणजे घोडी फिरली तर दोघांना मोकळी जागा मिळते. नराची शेपटी वर-खाली हलली म्हणजे काम झालं. ती हलली नसेल तर पावती घेऊन घरी जाऊ नये. यात्रेत दिवसभरात पाच-सहा घोड्यांवर जाणाऱ्या नामांकित नराचं बीज संध्याकाळपर्यंत पातळ झालेलं असतं, आणि आधीच्या घोडीचा संसर्ग पुढच्या घोडीला मिळतो तो वेगळाच. गोठवलेल्या बीजाचा आणि भ्रूण प्रत्यारोपणाचा मार्गही आता आपल्याकडे आहे. २०२३ साली बिकानेरच्या अश्व संशोधन केंद्रावर राजप्रथमा ही मारवाडी बछेरी दुसऱ्या घोडीच्या पोटातून जन्मली. पण घरगुती पैदाशीला सध्या तरी प्रत्यक्ष नरच परवडतो.

पहिली सोनोग्राफी चौदाव्या ते सोळाव्या दिवशी, आणि ती टाळू नये. कारण जुळं. गाईला जुळं चालतं, घोडीला पेलत नाही. दोन्ही गर्भ सातव्या-आठव्या महिन्यात पडतात आणि कधीकधी घोडीही जाते. सोळाव्या दिवसापर्यंत गर्भ गर्भाशयात फिरत असतो, तोवर डॉक्टर दोनांतला एक दाबून जिरवू शकतात. एकदा दोन्ही शेजारी चिकटून बसले की ते अवघड होतं. दुसरी तपासणी २८व्या दिवसाच्या आसपास हृदयाचे ठोके पाहायला. त्यानंतर साधारण ३५व्या दिवशी गर्भाशयात संप्रेरक तयार करणाऱ्या गाठी बनतात. यापुढे गर्भ गेला तरी त्या गाठी चौथ्या महिन्यापर्यंत काम करत राहतात आणि घोडी माजावर येत नाही. मालक समजतो गाभण आहे, आणि हंगाम निघून जातो. साठाव्या दिवशी आणखी एकदा पाहावं ते यासाठी.

खुराकाबद्दल सगळ्यात जास्त सल्ले मिळतात आणि बहुतेक गाईम्हशींवरून उचललेले असतात. घोड्याला रवंथ नाही, उलटी करता येत नाही, पोट लहान आणि आतडं लांब. वजनाच्या दीड ते दोन टक्के कोरडा चारा रोज, म्हणजे सहा ते साडेसात किलो, दिवसात चार-पाच वेळा विभागून. दाणा एका वेळी दीड-दोन किलोच्या वर कधीच नाही. भरडलेले जव, भिजवलेला हरभरा, मीठ ३० ग्रॅम, पाणी २५ ते ४० लिटर. गव्हाचा कोंडा हलका म्हणून पाटीभर घालणारे आहेत. त्यात फॉस्फरस फार आणि कॅल्शियम नगण्य. दोन्हींचं प्रमाण उलटलं की हाडातलं कॅल्शियम निघू लागतं, जबड्याचं हाड फुगतं आणि पाय अधू होतात. संकरित नेपियर गवतातलं ऑक्झलेट हेच काम करतं. मेथी घास थोडा रोज दिला की तोल सावरतो. कोवळ्या ज्वारीची किराळ, म्हणजे विषबाधा, घोड्यालाही लागते. शिवाय हिरव्या ज्वारीवर बरेच दिवस ठेवलं तर मूत्राशय सुजून मागचे पाय लुळे पडतात. वाळलेला कडबा चालतो, पण कुट्टी फार बारीक नको, आतड्यात गोळा होतो. आणि कोंबड्यांचं किंवा गुरांचं तयार खाद्य घोड्याच्या तोबऱ्यात अजिबात नको. काहींत मोनेन्सिन हे औषध असतं, गुरांना ते मानवतं आणि घोड्याचं हृदय बंद पाडतं.

पहिले सात-आठ महिने गाभण घोडीला जादा काही लागत नाही. हलकी सवारी चालू ठेवता येते. शिंगराचं निम्म्याहून जास्त वजन शेवटच्या तीन महिन्यांत भरतं, तेव्हा दिवसाचा दाणा हळूहळू दोन-अडीच किलोपर्यंत वाढवावा. बरगड्या दिसू नयेत, पण हात फिरवला तर लागाव्यात. गर्भपात घडवणाऱ्या हर्पिस विषाणूची लस पाचव्या, सातव्या, नवव्या महिन्यात. धनुर्वाताची विण्याआधी चार ते सहा आठवडे, म्हणजे चिकातून शिंगराला संरक्षण मिळतं. याच सुमारास घोडीला विण्याच्या जागेत आणून बांधावं, तिथल्या जंतूंची ओळख तिच्या रक्ताला होऊ द्यावी. जागा निदान चौदा फूट लांब-रुंद, खाली गव्हाचा भुसा नाही, लांब काडाचा पेंढा. भुसा ओल्या नाकात शिरतो.

कास दोन ते चार आठवडे आधी भरू लागते, शेपटीच्या बुडाशी दोन्ही बाजूंचे स्नायू लोण्यासारखे मऊ पडतात. सडांच्या टोकांवर मेणासारखे थेंब जमले की बहुधा एक-दोन दिवसांत. विणं जवळजवळ नेहमी रात्री, आणि आसपास वर्दळ असली तर घोडी ते लांबवते. लांबून पाहायचं.

इथे घड्याळ हातात हवं. अस्वस्थपणा, घाम, उठबस हे तासभर ते चार तास चालतं. पण पाणमोट फुटल्यापासून शिंगरू बाहेर यायला वीस ते तीस मिनिटंच लागतात, लागायला हवीत. गाय दोन तास कळा देत बसली तर माणूस चहा करून येतो. घोडीने अर्धा तास ओलांडला तर शिंगराचा जीव धोक्यात असतो. पाणमोट फुटून पाच-दहा मिनिटांत पांढुरक्या पडद्यात दोन पुढचे पाय दिसायला हवेत, एक थोडा पुढे, तळवे खाली, आणि गुडघ्यांवर टेकलेलं नाक. तळवे वर असतील, एकच पाय असेल, किंवा पाय आहेत आणि नाक नाही, तर डॉक्टरांना फोन करून ते येईपर्यंत घोडीला उठवून चालवत ठेवायचं, म्हणजे कळा मंदावतात. पांढऱ्याऐवजी लाल मखमली पिशवी दिसली तर फोन नंतर. ती वार आहे, आधीच सुटली आहे आणि शिंगराचा प्राणवायू तुटला आहे. तत्क्षणी कात्रीने फाडून आतलं शिंगरू कळेबरोबर खाली, घोडीच्या टाचांच्या दिशेने ओढायचं.

सगळं नीट झालं तर दूर राहावं. नाळ कापू नये, घोडी उठली की आपोआप तुटते आणि रक्तवाहिन्या मिटतात. तुटल्यावर देठ अर्धा टक्का क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकात बुडवायचा, दिवसातून तीन-चार वेळा, दोन दिवस. तासाभरात शिंगरू उभं, दोन तासांत सडाला, तीन तासांत वार पडलेली. हे तीन आकडे तबेल्याच्या भिंतीवर खडूने लिहावेत. वार लोंबत असेल तर पायाखाली येऊ नये म्हणून तिचीच गाठ मारून वर बांधायची. ओढायची नाही, वजन लटकवायचं नाही. गाईची वार दुसऱ्या दिवशी पडली तरी निभावतं. घोडीत तीन तासांनंतर डॉक्टर हवेतच, कारण आत राहिलेल्या तुकड्याचं विष रक्तात जाऊन चारही खूर सुजतात. पडलेली वार पसरून पाहावी, तिच्या दोन्ही शिंगांची (गर्भाशयाच्या दोन फांद्यांत बसणाऱ्या भागांची) टोकं पूर्ण आहेत का.

शिंगरू जन्मतं तेव्हा त्याच्या रक्तात प्रतिकारशक्ती जवळजवळ नसते. सगळी चिकातून येते, आणि आतड्याचं ते दार पहिल्या सहा-आठ तासांत सताड उघडं, चोवीस तासांत बंद. एक ते दोन लिटर चीक त्या वेळात पोटात जायला हवा. खरवसासाठी वाटीभरही काढू नये. घोडी विण्याआधीच दूध गाळत असेल तर चीक वाया गेलेला असतो, अशा वेळी दुसऱ्या घोडीचा गोठवलेला चीक लागतो. पहिली काळी लीद दिवसभरात पडायला हवी. शिंगरू शेपूट वर करून कुंथत असेल तर डॉक्टरांकडून एनिमा. आठव्या-नवव्या दिवशी घोडी पुन्हा माजावर येते आणि शिंगराला हगवण लागते. ती आपोआप थांबते. ताप आला किंवा दूध सोडलं तरच घाबरावं. एखादा सांधा सुजून लंगडलं तर मात्र मुरगळला असं समजून तेल चोळत बसू नये, नाळेतून गेलेला जंतू असतो.

पहिल्या आठवड्यापासून चारही पाय उचलून धरण्याची, कानाला-पोटाला हात लावून घेण्याची सवय लावायची. मोहरकीला दोर लावून पुढे ओढू नये, मान दुखावते. एक दोर मागून मांड्यांभोवती घ्यावा. छातीवर पाय टाकणारं पंधरा दिवसांचं शिंगरू गोड वाटतं. तेच दोन वर्षांनी तीनशे किलोचं होतं. खूर दीड-दोन महिन्यांपासून दर चार ते सहा आठवड्यांनी साळवावेत. पाय वाकडे दिसत असतील तर घोट्याजवळचं वाढीचं हाड तीनेक महिन्यांत जुळत जातं, सुधारणा त्याआधीच करून घ्यावी. दूध तोडायचं सहाव्या महिन्यात, शक्यतो दोन शिंगरं एकत्र. घोडीचा दाणा आठवडाभर बंद, आणि ताठरलेली कास पिळायची नाही.

मधल्या दोन वर्षांत करायचं काम म्हणजे मोकळं सोडणं. बांधून, दाणा चारून वाढवलेलं शिंगरू दोन वर्षांत देखणं दिसतं आणि पायाने कच्चं राहतं. गुडघ्याच्या वरचं वाढीचं हाड अडीच वर्षांच्या आसपास जुळतं, पाठीचे मणके तर पाच-सहा वर्षांत. दीड-दोन वर्षांच्या बछेऱ्याला नाचाला लावून ताशापुढे उभं करतात, त्याचे सहाव्या वर्षीचे मागचे सांधे पाहावेत. काटेरी लगाम तर प्राणी-क्रूरता प्रतिबंधाच्या १९६५च्या नियमांनुसार बेकायदेशीर आहे, तरी बाजारात उघडा विकला जातो.

अडीच वर्षांनंतर लांब दोरीवर गोल फिरवणं सुरू. गोल पंधरा-वीस मीटरचा, लहान गोलात सांधे पिळतात. दहा मिनिटं एका बाजूला, दहा दुसऱ्या, आठवड्यातून तीनदा. थांब, चल, दुडकी हे शब्द इथेच पक्के करायचे, पुढे पाठीवरून तेच उपयोगी पडतात. मग रिकामा पट्टा, मग खोगीर. तंग (खोगिराचा पोटपट्टा) पहिल्यांदाच आवळला तर घोडं पाठ कमानीसारखी करून उसळतं आणि ते कायमचं लक्षात ठेवतं. एकेक भोक, मध्ये चार पावलं चालवत, शेवटी दोन बोटं आत जातील इतकाच. लगाम चढवण्याआधी दाढांपुढचा बारीक लांडगेदात आहे का पाहावं, असेल तर काढून घ्यावा. पुष्कळ घोडी डोकं झटकतात ती याच दातामुळे, आणि लोक त्यावर आणखी कडक लगाम घालतात. साधं मधे जोड असलेलं कडियाळं (लगामाचा तोंडात बसणारा लोखंडी भाग), ओठांच्या कोपऱ्यात एक-दोन सुरकुत्या पडतील इतकं वर. त्यानंतर दोन लांब दोर घेऊन मागे चालत वळणं शिकवायची, निदान महिनाभर.

तीन वर्षं पूर्ण झाल्यावर हलका माणूस. खोगिरासह स्वाराचं वजन घोड्याच्या वजनाच्या वीस टक्क्यांत बसायला हवं. ३८० किलोला ७६, आणि अडीचशे किलोच्या तट्टाला ५०. पहिले काही दिवस फक्त पोटावर आडवं पडून उतरायचं, दोन्ही बाजूंनी. मग पाय पलीकडे टाकून हळू बसायचं, धपकन नाही. पुढे एक माणूस दोर धरून. दहा-पंधरा मिनिटं, फक्त चाल, एक दिवसाआड. महिन्याभराने दुडकी, तीही सरळ रेषेत. रेवाळ, म्हणजे स्वाराला धक्के न देणारी झपाझप चाल अंगात असलेलं घोडं असेल तर भरधाव सोडायची घाई करू नये. चाल मोडते आणि परत बसवायला दुप्पट वेळ लागतो. उसळलं तर आधी तंग, पाठ आणि दात तपासायचे. मागच्या पायांवर उभं राहिलं तर स्वाराचे हात जड आहेत, असं पहिल्यांदा धरून चालावं.

चौथ्या वर्षी काम वाढवताना नाडीवर भरवसा ठेवावा. शांत उभ्या घोड्याची मिनिटाला २८ ते ४४, जबड्याच्या खालच्या कडेला बोटांनी लागते. उतरून, खोगीर काढून, सावलीत पंधरा मिनिटं हिंडवल्यावर ती साठाच्या खाली आली नाही तर त्या दिवशीचं काम जास्त झालं. दुसऱ्या दिवशी फक्त चालवायचं, आणि सकाळी दाणा घालण्याआधी चारही पायांच्या नळ्यांवरून हात फिरवून कुठे गरम लागतंय का ते पाहायचं.